तबकाची ये-जा

माझ्या हातची लाकडी तबकं आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत आहेत, आणि एकाही घरात ती माझ्या मनासारखी ठेवलेली नाहीत. एकीनं त्यात कांदे-लसूण ठेवलेत. एकीनं पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून टाकलंय. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं सुटी चॉकलेटं ठेवायला काउंटरवर मांडलंय आणि वर मलाच सांगतो, "बाई, लई कामाची वस्तू दिली बगा तुम्ही." मला राग येतो. शाळेत चित्रकलेची बाई म्हणून माझी सगळी नोकरी झाली. पोरांनी आभाळ जांभळं रंगवलं तरी मी काही बोलायची नाही, पण रंग रेषेबाहेर गेला की माझं डोकं फिरायचं. शोभेची वस्तू पिंपावर उपडी घालणं हे मला तसंच वाटतं.

अक्कांना दिलेलं तबक मात्र आठवलं की राग येत नाही. स्वतःचीच लाज वाटते.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा दुपार खायला उठायची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नवऱ्याचं लेथचं काम चालतं. फौंड्रीतून आलेले ओतीव भाग तो कातून देतो. तिथं जाऊन मी त्याला सूचना करायला लागले. हे इथं का ठेवलंय, तो पट्टा सैल दिसतो, भिंतीला जरा उजळ रंग दे. काही दिवसांतच तो वैतागला. भंगारात निघालेलं एक जुनं लेथ त्यानं दुरुस्त केलं आणि शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात मला मांडून दिलं. "ह्याच्यावर लाकूड कात, न्हाईतर काय बी कर," म्हणाला, "पर माझ्या मशीनपाशी येऊ नको."

लाकूड कातायला त्यानंच शिकवलं. रंगांचं मी माझं शोधलं. वखारीतून फणसाच्या नाहीतर आंब्याच्या जाड फळीचा गोल कापून आणायचा, लेथवर घट्ट बसवायचा, आणि तो फिरायला लागला की पटाशी हळूच टेकवायची. घाई केली तर लाकूड असा हिसका देतं की मनगट दिवसभर ठणकतं. नीट टेकवली तर लांबच लांब साली निघून पायाशी पडत राहतात. मध्ये खोलगट करायचं, काठ उचलायचा, पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायचं. मग रंग. लाखेच्या रंगीत कांड्या मिळतात. फिरत्या लाकडावर कांडी दाबून धरली की घासण्यानं लाख वितळते आणि काठाभोवती लाल, हिरवा, पिवळा पट्टा बसत जातो. वरून वाळलेलं केवड्याचं पान दाबलं की त्याला अशी चमक येते की त्यात शेडची खिडकी दिसते. ही पानं गगनबावड्याच्या गाडीनं येतात. नवऱ्याच्या ओळखीचा एक कंडक्टर ती आणून देतो आणि दर वेळी विचारतो, "वहिनी, गणपती लांब हाय की अजून, एवढा केवडा कशाला?"

पहिलं तबक जमलं तेव्हा मी ते नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरलं. तो चष्मा वर करून म्हणाला, "काठ एका अंगाला जाड हाय." तो होताच. तरी मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही.

मग दिवाळी आली. ठरवलं, गल्लीत फराळ द्यायचा तो या तबकांतून, आणि तबक त्या घराला भेट. स्वतःच्या हातचं द्यायचं, लोकांनी बघायचं, म्हणायचं, बाईंनी काय सुंदर केलंय. हा हेतू होता, लपवून काय करू.

पण आमच्याकडे भरलेलं ताट घरात आलं की ते ताट कुणी आपलं मानत नाही. ते परत करायचं असतं, आणि रिकामं परत करायचं नसतं. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी त्यात घालायची. मी जन्मभर हेच करत आले, पण तबकं वाटताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही. प्रत्येक दारात मी सांगितलं, "तबक तुम्हालाच, राहू दे." आता हे तर सगळेच म्हणतात. "राहू दे की ताट, सावकाश द्या." माझं खरं बोलणं त्यांना रीतीचं वाटलं. पाडव्यापर्यंत जवळजवळ सगळी तबकं माझ्या ओट्यावर परत. एकात साखर, एकात गुळाचा खडा, एकात पेरू. एकात चिवडा होता, तो माझाच असावा असा मला आजही संशय आहे.

नवरा पोट धरून हसला. मी तापलेल्या सळईनं प्रत्येक तबकाच्या तळाला "सप्रेम भेट" असं कोरलं आणि पुन्हा काहीबाही भरून पाठवली. भरलेल्या ताटाचा तळ कोण बघतो? पुन्हा परत आली. शेवटी दारोदार जाऊन, तबक उलटं करून, अक्षरं दाखवून, थोडं ओरडूनच मी ती लोकांच्या घरात बसवली. सगळ्यांनी ऐकलं. अक्कांनी ऐकलं नाही.

अक्का आमच्या समोरच्या घरात राहतात. माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, म्हणून सगळ्या गल्लीच्या त्या अक्का, आणि बोलणंही तिकडच्या बायकांसारखं, "मी आलो, मी गेलो" असं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा-सून पुण्याला. मुलगा चांगला आहे, रोज फोन करतो आणि रोज विचारतो, इकडं कधी येतेस. अक्कांना पुणं नको. "तितं खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी दिसती," म्हणतात. शेवटी मायलेकांचं एवढ्यावर ठरलं होतं, की जोवर तुझं तुला सगळं होतंय, तोवर राहा. आठवणीत, चालण्या-फिरण्यात कमीजास्त वाटलं की मी न्यायला येणार. अक्का हे गल्लीत सगळ्यांना सांगायच्या आणि पुढं म्हणायच्या, "मला काय हुतंय? मी काय म्हातारी हाय?"

अक्कांनी तबक पहिल्यांदा परत आणलं तेव्हा त्यात शेंगांच्या पोळ्या होत्या, गरम, तुपाचा हात लावलेल्या. आणि तबकाचा काठ पांढरट पडला होता. "चांगलं कडकडीत पाण्यानं घासून आणलोय बघ," त्या अभिमानानं म्हणाल्या. लाखेला कडकडीत पाणी चालत नाही. मी दात-ओठ खात तो काठ खरवडला, नवा लाल पट्टा चढवला, आणि पुन्हा अक्कांकडं घेऊन गेले. आता तबक भेट द्यायचं तर तेही रिकामं कसं द्यायचं? त्यात खोबऱ्याच्या वड्या घातल्या.

"अक्का, हे तुमचं आहे. आता परत आणायचं नाही."

"बरं बरं," अक्का म्हणाल्या. आणि आठवडा उलटायच्या आत तबक आलं, पुन्हा पांढरट होऊन, आत धपाटी.

मी हट्टी, त्या माझ्याहून हट्टी. मला रिकामं देता येईना, त्यांना रिकामं फेडता येईना. संक्रांत झाली, होळी झाली, तबकाची ये-जा चालूच. गल्लीत सगळे गंमत बघत होते. नवरा विचारायचा, "आज तबक कुणाच्या गावाला?" खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायला लागली होती. दर वेळी मी काठाला नवे रंग द्यायची आणि ते सगळ्यांत आधी अक्कांच्या नजरेला पडायचे. "ह्या बारीला हिरवा केलीस व्हय? झाक दिसतंय." एवढं ऐकायला मी रस्ता ओलांडून जायची. बाकीच्यांनी कांदे ठेवले होते, पण अक्का बघायच्या. शिवाय त्यांच्या हातची चव. तबक परत यायला उशीर झाला तर मी खिडकीतून त्यांच्या दाराकडं बघायला लागले होते. त्यांच्या गुडघ्यांकडं मी एकदाही बघितलं नाही.

नागपंचमीला मी पुरणाचे दिंड पाठवले. नंतर एका दुपारी त्यांचं दार सताड उघडं दिसलं म्हणून आत डोकावले. अक्का स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, पाय लांब पसरून. समोर परातीत कणीक, आणि त्या एक हात मळायच्या, मग तो हात गुडघ्यावर ठेवून डोळे मिटायच्या. मला बघून उठायला गेल्या तर भिंतीला धरून, पुन्हा सोडून, पुन्हा धरून उठल्या. बाजूला कपात गार झालेला चहा आणि बशीत अर्धा टोस्ट.

"जेवण झालं का अक्का?"

"ह्येच की जेवण."

"टोस्ट?"

"आगं, अंगानं एकच स्वयंपाक हुतोय आताशा. तुझं तबक घरात हाय न्हवं? आधी त्याचं करतो. मग माझं हुतंय, न्हाय हुत." आणि माझा चेहरा बघून हसल्या. "तबक घरात असलं की झोपच लागत न्हाय बघ मला. कुणाची तरी वस्तू अडकून पडल्यागत वाटतंय."

मी तिथं उभी राहिले आणि मला ती सगळी ताटं आठवली. शेंगांच्या पोळ्या, धपाटी, खव्याच्या साटोऱ्या. आम्ही नवरा-बायको चवीनं खात होतो, आणि हे तबक त्या घरात असेल तेवढे दिवस ही बाई चहा-टोस्टवर दिवस काढत होती. मी तिला भेट दिली नव्हती, कामाला लावलं होतं. आणि वर "सप्रेम" लिहिलं होतं.

"अक्का, माझी शपथ आहे तुम्हाला. तबक रिकामं द्या. आत्ता द्या, मी घेऊन जाते."

अक्कांचा चेहरा बदलला. "रिकामं द्यायला मी काय मेलो व्हय?"

मी घरी आले. त्यांनी संध्याकाळी त्या कणकेच्या पुरणपोळ्या करून आणल्या. नवऱ्याला मी खाऊ दिल्या नाहीत. मग त्या वाया जातील म्हणून रडत मीच खाल्ल्या. तबक मी धुऊन कपाटात ठेवलं. संपलं, असं मला वाटलं. पण तबकाला मधोमध एक बारीक चीर गेली आहे हे अक्कांनी बघितलं होतं, आणि ती आपल्या घासण्यानंच गेली या काळजीनं त्या दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन, मी अंघोळीला गेलेली असताना, नवऱ्याकडून तबक मागून घेऊन गेल्या. ओळखीच्या सुताराकडून चीर बुजवून आणतो म्हणाल्या. नवऱ्यानं दिलं! मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. म्हणजे तबक पुन्हा अक्कांकडं, आणि आता त्यात भरायला काय करायचं याची तयारीही सुरू.

"मग जा आन् घिऊन ये की," नवरा म्हणाला. "एवढं काय त्यात?"

पौर्णिमेला अक्का भजनी मंडळाबरोबर नृसिंहवाडीला गेल्या. तिथं मुक्काम करणार होत्या म्हणून किल्ली माझ्याकडं. तुळशीला पाणी घालायचं आणि मांजरीला दूध ठेवायचं. मी पाणी घातलं, दूध ठेवलं, आणि स्वयंपाकघरात गेले. फळीवर तबक होतं, चीर बुजवलेलं. शेजारी डब्यात भाजलेले तीळ, दुसऱ्या डब्यात किसून ठेवलेला गूळ. आल्या की लाडू वळणार होत्या. मी तबक उचललं, पदराखाली घेतलं आणि कुलूप लावून आले. पदराखाली का घेतलं ते मला विचारू नका. भर दुपारी, माझीच वस्तू, पण हात आपोआप तसा गेला.

अक्का आल्या की हसत हसत सांगायचं ठरवलं होतं. पण त्याच दिवशी हातकणंगल्याहून फोन आला, नणंदेला बरं नाही. अक्कांची किल्ली नवऱ्याकडं देऊन मी गडबडीनं तिकडं गेले आणि तिला बरं वाटेपर्यंत राहिले. परत आले तर अक्कांचं दार लावलेलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यात दिसल्या, मी हाक मारली, तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पाय ओढत आत गेल्या.

मला वाटलं, तबक उचलून आणलं म्हणून रुसल्या. आणि मी काय केलं? मी म्हटलं, रुसू देत. निदान जेवतील तरी. मनातून मला थोडं बरंही वाटलं, की आता समजूत घालायला जायला नको. समोरच्या घरात रोज काहीतरी चाललेलं दिसत होतं. गाद्या उन्हात पडल्या, डबे घासून ओट्यावर पालथे पडले, लोखंडी पेटी ओढून दारात आणली, कपाटामागून जुने कागद निघाले. नवरात्र जवळ आलं होतं. मला वाटलं, झाडलोट काढलीय. उलट मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, तबकाचं ओझं उतरल्यावर कसं अंगात बळ आलंय."

तबकाचा काठ मी सगळा उतरवून निळा केला होता आणि ते लेथमागच्या खिळ्याला टांगलं होतं.

नवरात्राच्या चौथ्या की पाचव्या माळेला अक्का शेडमध्ये आल्या. घरात न जाता सरळ शेडमध्ये. हातात कापडानं झाकलेलं एक पितळी ताट. जुनं, जड, काठाला वेलबुट्टी ठोकलेली. त्यांनी ते माझ्या पुढ्यात लाकडांच्या ढिगावर ठेवलं. आत कडाकण्या होत्या, देवीला बांधतात त्या गोड कडक पुऱ्या, एकसारख्या लाटलेल्या. अक्का खाली बघत बोलल्या.

"तुझं तबक माझ्याकडनं हरवलं गं. वाडीस्नं आलो तवापास्नं हुडकालोय. घर पालथं घातलो. कुटं ठेवलो, कायबी आठवंना. दुसऱ्याची वस्तू, आन् मला आठवंना. तुला तोंड कसं दावू म्हणून तू हाक मारलीस तरी मी आलो न्हाय." मग ताट माझ्याकडं सरकवलं. "ह्ये माझ्या अव्वाचं हाय. लग्नात दिलती मला. तबकासारखं रंगीत न्हाय, पर ह्ये ठिव आता तू."

नवऱ्यानं त्याचं मशीन बंद केलं. मला पाठीमागं टांगलेलं तबक जळत्या तव्यासारखं जाणवत होतं. मी वळले, ते खिळ्यावरून काढलं आणि अक्कांच्या हातात दिलं.

"अक्का, हे तेच. तुम्ही वाडीला गेल्यावर मी नेलं. तुम्ही पुन्हा त्यात काही करू नये म्हणून. सांगायचं राहिलं... राहिलं नाही, मी सांगितलं नाही."

त्यांनी निळ्या काठाकडं बघितलं, त्यांना ते ओळखू येईना. मग उलटं केलं आणि बुजवलेल्या चिरेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मी शिव्यांची वाट बघत होते. अक्कांच्या शिव्या गल्लीला माहीत आहेत.

"म्हंजी मी इसरलो न्हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही अक्का."

"मी फळीवरच ठेवलोतो?"

"फळीवरच. तिळाच्या डब्याशेजारी."

अक्का उपड्या क्रेटवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी माझ्या दंडावर एक सणसणीत चापटी मारली, मग दुसरी मारली. मी म्हटलं, अजून मारा. पण त्या एकदम थांबल्या.

"आगं, पर मी पोराला सांगून बसलो की. म्हटलं, बाबा, माझ्या ध्यानात ऱ्हायना. त्यो दसरा झाला की न्यायला येणार हाय."

ही बाई आठवडेच्या आठवडे स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावून, एकटीनं त्या घरातली प्रत्येक पेटी उपसत होती, आणि मी समोरच्या खिडकीतून बघत म्हणत होते, बळ आलंय.

अक्कांना घेऊन मी घरात आले आणि कडाकण्या डब्यात काढून घेतल्या. पितळी ताट परत द्यायचं होतं, आणि सवयीनं माझा हात साखरेच्या डब्याकडं गेला. "ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. आईचं ताट रिकामंच काखेत घेऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या. तबक त्यांनी नेलं नाही.

दसऱ्यानंतर मुलगा आला. त्याच्या आधीच मी फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी तो आल्यावर समोर बसून पुन्हा सांगितलं, अक्कांसमोर सांगितलं. भला माणूस. चिडला असेल पण दाखवलं नाही. आईकडं बघून म्हणाला, "मग काय करू? गाडी रिकामी नेऊ?" अक्का म्हणाल्या, "न्हे की." तो निघताना मला दारापर्यंत घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुम्ही समोर आहात म्हणून ठेवतोय. तुमचं लक्ष असू द्या. काही वेगळं वाटलं तर मला लगेच सांगायचं, लपवायचं नाही." मी शब्द दिला. शब्द द्यायला मी एका पायावर तयार होते. त्या वेळी त्यानं काहीही मागितलं असतं तरी दिलं असतं.

तेव्हापासून अक्कांची काही वस्तू दिसेनाशी झाली की त्या दारातून ओरडतात. "माझं लायटर तू न्हेलीस काय गं चोरटे?" सगळी गल्ली हसते, मीही हसते. चोरटी हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच, आणि मला ते चालतं. सुरुवातीला लायटर त्यांच्याच कमरेला खोचलेलं असायचं आणि त्या स्वतःच जीभ चावायच्या.

पण गेल्या काही महिन्यांत तसं राहिलेलं नाही. कुकरची शिट्टी पिठाच्या डब्यात सापडली. औषधाची पाकिटं देव्हाऱ्यामागं. एकदा तर दुधाचं पातेलं कपाटात, कपड्यांच्या घडीवर. हे सगळं मी शोधून दिलं. मुलाचा फोन येतो, "मावशी, आई बरी आहे ना?" आणि मी म्हणते, "बरी आहे की, काल मला शिव्या घालत होती." शिव्या घालत होत्या हे खरं असतं. बाकीचं मी सांगत नाही. दर वेळी फोन ठेवला की ठरवते, उद्या सांगायचं. नवरा नुसता बघतो. त्यालाही कळतं की एकदा मी गप्प बसले तेव्हा काय झालं होतं, आणि आता पुन्हा मी तेच करते आहे. पण तेव्हा माझ्यामुळं त्यांचं घर सुटायची वेळ आली होती. आता माझ्याच तोंडून ते कसं सोडवू?

परवा ओट्यावर आम्ही चार बायका बसलो होतो, शेवग्याच्या शेंगा सोलत. अक्का समोरून आल्या. चालताना एक हात कानावर. उजव्या कानातलं सोन्याचं फूल नव्हतं. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या नाहीत. चोरटे म्हणाल्या नाहीत. हळू विचारलं, "माझं कानातलं तू न्हेलीस काय गं?"

बाकीच्या बायकांचे हात थांबले. सोन्याची गोष्ट होती. मी अक्कांकडं बघितलं. त्या मला दोष देत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत भीती होती आणि ती भीती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी हो म्हणावं म्हणून.

"व्हय अक्का," मी म्हटलं, "मीच न्हेलंय."

शेजारची एकदम माझ्याकडं वळली. अक्कांनी मोठा श्वास सोडला.

"मग दे की," त्या म्हणाल्या. "सोनं हाय त्ये."

"देते. चला घरी."

मी हात पुसले आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरात शिरले. त्या पलंगावर बसल्या. मी आधी उशीखाली बघितलं, मग न्हाणीघरात, मग पिठाच्या डब्यात हात घातला.